डावी बाजू अजून कच्ची आहे

ऑपरेशन संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "छान झालं," आणि त्याच क्षणी माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी बँकेत सह्या जुळवतो. खातेदाराची जुनी सही आणि आजची सही शेजारी शेजारी ठेवायची आणि दोन्ही एकाच हाताच्या आहेत का ते बघायचं, हे माझं काम. या कामात माणसाला एक गोष्ट कळते. खरी सही कधीच छान नसते. ती घाईत केलेली, वाकडीतिकडी, शेपूट तुटलेली असते. छान असते ती खोटी. त्यामुळे कुणी 'छान' म्हटलं की मी भिंग शोधतो.

त्या दिवशी भिंग शोधायची सोय नव्हती. दोन्ही डोळ्यांवर भोकंभोकं असलेल्या प्लास्टिकच्या वाट्या चिकटवलेल्या, त्यावर काळा गॉगल, आणि दंड आमच्या हिच्या हातात. चष्मा कायमचा जावा म्हणून लेझर करून घेतलं होतं. चष्मा गेला होता, पण त्याच्या जागी काय आलं होतं हे अजून कळायचं होतं.

आत काय झालं ते सांगून टाकतो, पुढे कुणाला करून घ्यायचं असेल तर उपयोग होईल. आधी थेंब घालून डोळा सुन्न करतात. पापणी मिटू नये म्हणून चिमटा लावतात. वर एक ठिपका दिसतो आणि 'त्याच्याकडे बघत राहा' असं सांगतात. उजव्या डोळ्याच्या वेळी यंत्र टकटकलं, काहीतरी जळल्यासारखा वास आला आणि संपलं. डाव्याच्या वेळीही अगदी तसंच झालं, फक्त मध्येच डॉक्टर "हं" म्हणाले. उजव्याला 'हं' नव्हता. मी ते लक्षात ठेवलं.

निघताना त्यांनी काय काय होईल ते सांगितलं. आज डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटेल, पाणी येईल, घरी जाऊन झोपा. डोळे चोळायचे नाहीत, त्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही, मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. नजर सकाळी एक असेल, संध्याकाळी दुसरी. दिव्यांभोवती वलयं दिसतील. डोळे कोरडे पडतील, आणि कोरडे पडले की उलट जास्तच पाणी येईल. "हे सगळं नॉर्मल आहे," ते म्हणाले. काहीही झालं तरी ते नॉर्मल, असं आधीच सांगून ठेवायची ही युक्ती मला फार आवडली. आमच्या बँकेला ती अजून सुचलेली नाही.

घरी येऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी तपासणीला नेऊन आणलं, वाट्या निघाल्या, आता त्या फक्त झोपताना लावायच्या होत्या. लांबचं चक्क दिसत होतं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेले मोजे मला मोजता येत होते. जन्मभर ज्याला उशाशी चाचपडून चष्मा सापडल्याशिवाय छत दिसलं नाही, त्याला परक्याचे मोजे दिसणं ही साधी गोष्ट नाही. कुणीही आनंदानं वेडा झाला असता. मी मात्र विचार केला, की एवढं सहज मिळतंय म्हणजे कुठेतरी काहीतरी लपवलेलं असणार.

त्यात खालच्या मजल्यावरचे शेजारी समाचाराला आले. या गृहस्थांना आम्ही घरात 'दाखले' म्हणतो, कारण जगात काहीही घडलं तरी ते त्यांच्या नात्यात आधी घडून गेलेलं असतं आणि त्याचा दाखला त्यांच्यापाशी तयार असतो.

"कोणता डोळा जड वाटतोय?" त्यांनी बसल्या बसल्या विचारलं.

जड काहीच वाटत नव्हतं. पण माणूस एवढा जिना चढून आला होता, म्हणून मी म्हणालो, "डावा थोडा."

"डावाच. माझ्या मावसभावाच्या साहेबांचाही डावाच होता."

"काय झालं त्यांना?"

"काही नाही," दाखले म्हणाले. "ते आता त्या विषयावर बोलत नाहीत."

एवढं सांगून ते चहा पिऊन निघून गेले. जाताना एक सल्ला मात्र देऊन गेले, की अधूनमधून उजवा डोळा झाकायचा आणि एकट्या डाव्यानं बघायचं. "खोट असेल तर एकटा असतानाच उघडी पडते," असं त्यांचं म्हणणं होतं. हे तत्त्व सह्यांनाही लागू आहे, त्यामुळे मला ते पटलं.

समोरच्या वहिनी आल्या आणि खिडक्या बंद करून गेल्या, डोळ्यांना वारा लागू नये म्हणून. त्यांच्या सासूबाई आल्या आणि खिडक्या उघडून गेल्या, डोळ्यांना वारा लागावा म्हणून. दोघी एकाच घरात राहतात. त्यांच्या घरातल्या खिडक्यांचं काय होत असेल याचा विचार करत मी दुपारी पडलो होतो. पडदे ओढलेले, डोळे मिटलेले. ही समजत होती की मी झोपलोय. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिचा दबलेला आवाज आला. फोनवर बोलत होती.

"हो सर. उजवीकडची आता काळजी नाही. पण डावी बाजू अजून कच्ची आहे, ते माझंही मला कळतंय." मग थोडी शांतता. "नाही नाही, त्यांना एवढ्यात काही सांगायचं नाही. कळलं तर हातपाय गाळतील. आपण सगळं नीट झाल्यावरच सांगू." पुन्हा शांतता. "हो, अंधार पडल्यावर तर नकोच. तेव्हा काहीच अंदाज येत नाही."

माझ्या पायाखालची गादी सरकली. जमीन सरकली असं म्हणतात, पण मी पडलेला होतो.

थोड्या वेळानं ती थेंब घालायला आली. मी सहज विचारावं तसं विचारलं, "कुणाचा फोन होता?"

"गॅसवाल्याचा," ती म्हणाली.

आमच्या घरात गॅसवाल्याला आजवर कुणी 'सर' म्हटलेलं नाही. तो आला की उशीर का झाला हे विचारण्यातच सगळी भाषा संपते. आणि थेंब घालताना तिचं लक्ष भलतीकडेच होतं. एक थेंब गालावर पडला, दुसरा कानात गेला.

"लक्ष कुठे आहे?"

"इथेच आहे. डोळा उघडा ठेवा."

मग मी पाळत ठेवायला सुरुवात केली. डोळे मिटून पाळत ठेवणं कठीण असतं असं लोकांना वाटतं, पण मिटलेल्या डोळ्यांच्या माणसासमोर लोक फार निष्काळजी होतात. रोज दुपारी ही "जरा जाऊन येते" म्हणून बाहेर पडायची. कुठे जायची ते सांगायची नाही. परत यायची ती दमलेली, चेहरा लाल, आणि आल्या आल्या घटाघटा पाणी प्यायची. रडून आलेलं माणूस असंच पाणी पितं. सगळ्यात वाईट म्हणजे ती माझ्याशी भांडेनाशी झाली होती. टॉवेल ओला पलंगावर टाकला तरी उचलून वाळत घालायची. आमचा संसार जुना आहे, मला तिचं गप्प बसणं कळतं. बायको नवऱ्याचा ओला टॉवेल मुकाट्यानं उचलते तेव्हा डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलेलं असतं.

शेवटी ती बाहेर गेलेली बघून मी दवाखान्यात फोन लावला. काउंटरवरच्या बाईंनी उचलला.

"डॉक्टरांशी बोलायचंय. माझ्या डाव्या डोळ्याबद्दल."

"फाइल नंबर सांगा."

मी दवाखान्याचा कागद हातात घेतला. अक्षरं बारीक होती आणि ती सगळी मिळून एक काळी मुंगळ्यांची रांग झाली होती. कागद लांब नेला, तर मुंगळे तेवढेच राहिले, फक्त लांब गेले.

"नंबर वाचता येत नाहीये," मी म्हणालो.

"मग वाचून फोन करा."

"अहो, वाचता येत नाही म्हणूनच फोन केलाय."

"नंबर असल्याशिवाय मला फाइल काढता येत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "घरात कुणी वाचून देणारं नाही का?"

घरात वाचून देणारं एकच माणूस होतं, आणि तेच कटात सामील होतं. मी फोन ठेवला.

आता मात्र मला खरंच घाम फुटला. लांबचं दिसतंय आणि हातातलं दिसत नाही, म्हणजे आपल्या कामाचं काय? सही काही समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली नसते. हाताखाली असते. माझ्या डोळ्यांपुढे माझं टेबल आलं, आणि त्यामागे बसलेला तो नवीन माणूस, जो सगळ्याच सह्यांना 'छान' म्हणतो. आयुष्यात मला एकच गोष्ट बरी येते. ती गेली तर मी घरात नुसता ओले टॉवेल टाकत बसणार होतो, आणि ती ते मुकाट्यानं उचलत राहणार होती. मला त्या चित्राची फार भीती वाटली.

मी ठरवलं की दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं. मोठ्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला, रस्ता न ओलांडता, एक डोळ्यांचा दवाखाना आहे. हिच्या येण्याआधी जाऊन यायचं. गॉगल चढवला, दार ओढलं आणि निघालो.

कोपऱ्यावर उभं राहून इकडेतिकडे बघतोय, तोच एका सद्गृहस्थानं माझा हात धरला.

"चला," तो म्हणाला.

"कुठे?"

"पलीकडे. मी आहे ना."

"मला पलीकडे जायचं नाहीये. मला दिसतं."

"संकोच करू नका काका," तो म्हणाला, "सगळे असंच म्हणतात."

त्याचं वय माझ्याएवढंच होतं. हे मला दिसत होतं, पण दिसतंय असं सांगून काही उपयोग नव्हता. त्यानं दुसरा हात वर करून दोन्हीकडची वाहनं थांबवली. लोक आदरानं थांबले. एवढ्या लोकांना थांबवल्यावर मध्येच परत फिरणं मला बरं दिसेना, म्हणून मी पलीकडे गेलो. त्यानं मला एका खांबापाशी नेलं, माझा हात खांबावर ठेवला आणि "सावकाश जा" म्हणून निघून गेला. त्या खांबाला धरून मी उभा राहिलो. मला हव्या असलेल्या दवाखान्याची पाटी आता रस्त्यापलीकडून स्वच्छ वाचता येत होती.

तेव्हा मनात आलं, पाटी दिसतेय ती कोणत्या डोळ्यानं? दाखल्यांची परीक्षा इथेच घेऊन टाकू. मी रस्त्याच्या कडेला आलो, गॉगल कपाळावर सरकवला, उजव्या डोळ्यावर अलगद तळहात धरला आणि एकट्या डाव्यानं बघायला लागलो. पाटी दिसली. पाटीवरचं डॉक्टरांच्या पदव्यांचं शेपूट दिसलं. औषधाच्या दुकानाचं कुलूप दिसलं. लांबून एक गाडी येत होती, तिच्या टपावर लाल अक्षरं होती. एकेक अक्षर लावून वाचलं: शिकाऊ. डावा डोळा शाबूत होता. मला इतकं बरं वाटलं की आणखी नीट दिसावं म्हणून मी दोन पावलं रस्त्यात पुढे झालो. गाडीच्या काचेमागे स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लटकल्यासारखी एक बाई बसली होती. ती हुबेहूब आमच्या हिच्यासारखी होती.

माझा डोळ्यावरचा विश्वास पुन्हा उडाला.

गाडी माझ्यासमोर आली, एक गचका बसला आणि ती बंद पडली. मागच्या वाहनांनी भोंगे सुरू केले. हिच्या शेजारी बसलेल्या जाडसर मिशीवाल्या माणसानं काच खाली केली.

"काका, रस्त्यातून बाजूला व्हा."

"मी काका नाही," मी म्हणालो. "मी यांचा नवरा आहे."

त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. माझा एक हात अजून डोळ्यावर होता. मग त्यानं हिच्याकडे बघितलं. "डोळ्यांचं ऑपरेशन झालेले ते हेच का?"

"हो, सर," ही म्हणाली.

"मग ते रस्त्यात काय करतायत?"

प्रश्न रास्त होता, पण उत्तर द्यायला सवड नव्हती. भोंगे वाढले होते. ही एवढंच म्हणाली, "मागे बसा," आणि मी मागे बसलो. तिनं पुन्हा गाडी सुरू केली, ती पुन्हा बंद पडली, मग एकदाची निघाली. मोटार शिकवणारे मास्तर समोर बघत होते आणि त्यांचा पाय त्यांच्या बाजूच्या जादा ब्रेकवर होता.

"म्हणजे फोनवरचे सर हे," मी म्हणालो.

"हो."

"आणि डावी बाजू कच्ची—"

"गाडीची. मला डावीकडचा अंदाज येत नाही."

"खूपच कच्ची आहे," मास्तर म्हणाले. "काल त्या कुंडीला—"

"सर, ते राहू दे," ही म्हणाली.

मी विचारलं, "मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शेजारी बसला असतात."

यावर मास्तरांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. या माणसाशी माझी ओळख नुकतीच झाली होती, तरी त्याला माझ्याबद्दल सगळं माहीत असावं असं दिसलं.

"पण हे आत्ताच शिकायचं का सुचलं?"

ती वळण घेत होती. वळण झाल्यावर म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, यांनी इतक्यात गाडी चालवायची नाही. अवेळी तुमच्या डोळ्याला काही झालं असतं तर मी काय करायचं होतं? दाखल्यांचं दार वाजवायचं? त्यांनी आधी मावसभावाच्या साहेबांची गोष्ट सांगितली असती." मग आवाज बदलून म्हणाली, "भीती मलाही वाटत होती. नुसतं घाबरून बसण्यापेक्षा काहीतरी करावं म्हटलं."

माझ्या डोळ्यांना एकदम पाणी आलं. डोळे कोरडे पडले की असं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं.

एवढं बोलणं झाल्यावर ती म्हणाली की आता आपल्या दवाखान्यातच जाऊ आणि काय ते विचारून टाकू. मास्तरांनाही तो रस्ता सरावाला चांगला वाटला. डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं आणि म्हणाले, की डावा डोळा उजव्यापेक्षा सरस आहे.

"मग तुम्ही 'हं' का म्हणालात?" मी विचारलं.

डॉक्टरांना काही आठवेना. बाजूला उभ्या असलेल्या सिस्टरांना आठवलं. "मी विचारलं होतं, पुढच्या पेशंटला आत घेऊ का. सर हं म्हणाले."

"आणि हातातलं वाचता येत नाही, ते?"

"ते वयाचं आहे," डॉक्टर म्हणाले. "चाळिशी उलटली की जवळचं बघायला चष्मा लागतोच, लेझर केलं तरी. हे मी ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं. तुम्ही मान हलवलीत."

मी मान हलवली होती हे खरं. नाकावरून घसरलेला चष्मा वर घेण्यासाठी हलवली होती. पण हे आता सांगण्यात अर्थ नव्हता. लांबचा चष्मा घालवायला गेलेला माणूस जवळचा चष्मा घेऊन घरी आला. सह्या मात्र त्यातून फार स्पष्ट दिसतात, पहिल्यापेक्षाही, आणि बँकेत आता माझी दहशत वाढली आहे.

राहता राहिला गाडीचा प्रश्न. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण माझ्या परवान्यावर 'चष्मा लावूनच चालवावे' असं लिहिलेलं होतं. ते काढून घ्यायला मी परवान्याच्या कचेरीत गेलो तो योगायोगानं हिच्या परीक्षेचाच दिवस होता. मास्तरांना शेजारी बसवून हिनं आमचीच गाडी तिथवर आणली. मी मागे होतो. अट अशी होती, की बोलायचं नाही.

कचेरीतल्या साहेबांनी परवाना बघितला, मला बघितलं. "परवान्यावर चष्मा आहे, चेहऱ्यावर नाही."

मी डॉक्टरांचा दाखला पुढे केला.

"हा दाखला या डोळ्यांचा आहे. पण हे डोळे त्याच माणसाचे कशावरून? इथे सही करा."

मी सही केली. जवळचा चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे अंदाजानं केली. साहेबांनी जुनी सही काढली, दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि माझ्या परिचयाच्या पद्धतीनं मान कलती करून बघितलं.

"जुळत नाही," ते म्हणाले.

मला राग यायला हवा होता. पण शेपूट खरंच जुळत नव्हतं, आणि ते ज्या नजरेनं बघत होते ती पाहून मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. त्यांनी माझी ओळख पटवायला मास्तरांची साक्ष घेतली आणि वर शेरा मारला, की इसमाची चालवण्याची परीक्षा नव्यानं घ्यावी.

हिची परीक्षा आधी झाली. ती मैदानात गोल फिरली, चढावर थांबली, मागे आली आणि पास झाली. मग मी बसलो. पट्टा लावला. तिन्ही आरसे बघितले. मागे एक माणूस उभा होता.

"चला," शेजारचे परीक्षक म्हणाले.

"त्याला आधी जाऊ दे."

"तो उभा आहे. तो कुठेही जात नाहीये."

"तेच म्हणतो मी. का उभा आहे?"

परीक्षकांनी बराच धीर धरला. तो माणूस हलला नाही, आणि कारण कळल्याशिवाय मीही हललो नाही. शेवटी परीक्षकांनी मला उतरायला सांगितलं. नापास होण्याचं कारण विचारलं तर म्हणाले, "गाडी चालवली असतीत तर कारण सांगता आलं असतं."

दुपारी उशिरा हिच्या हातात परवाना पडला. मास्तर नव्या शिकाऊंना घेऊन निघून गेले. ही चालकाच्या जागेवर बसली आणि मी पहिल्यांदाच तिच्या शेजारी. तिनं आरसा सारखा केला, मागे बघितलं आणि गाडी रस्त्यावर काढली. मी समोरच्या फळीला धरून बसलो होतो. पहिल्या चौकानंतर एक हात सोडला, पुलावर दुसरा.

नंतरचं मला आठवत नाही. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत मला कधी झोप लागत नाही. बसमध्ये उभ्याउभ्याही मी चालकाचा पाय बघत असतो. पण कुणीतरी खांदा हलवला तेव्हा गाडी थांबलेली होती आणि समोर आमची इमारत होती.

"आलं घर," ती म्हणाली.

मी माझ्या बाजूचं दार उघडायला गेलो. ते उघडेना. गाडी भिंतीला इतकी चिकटून उभी होती की मधून मुंगीलाही अंग चोरून जावं लागलं असतं. ही स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मी काय बोलतो याची वाट बघत असावी.

"उतर ना," मी म्हणालो. "मी तुझ्याच बाजूनं येतो."

ती उतरली, दार धरून उभी राहिली, आणि गिअरवरून पाय सोडवत, गुडघा आपटून घेत मी तिच्या मागोमाग बाहेर आलो.